‘ब्रेन ट्रेनिंग’ने मुलांचा खेळ सुधारतो का?

परीक्षा आटोपल्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की वस्त्यांमध्ये रंगीत पत्रके फिरू लागतात. ‘मेंदू तल्लख करा’, ‘रिफ्लेक्स दुप्पट करा’, ‘आपला पाल्य खेळात आणि अभ्यासात पहिला.’ कुणी मोबाइलवरचे अ‍ॅप विकतो, कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो. फी हजारांत असते. आरोग्य तपासणीसाठी अमरावती आणि अकोल्याच्या वस्त्यांमध्ये बसलो की आया आम्हाला विचारतात, “सिस्टर, माह्या पोट्ट्याले ह्या क्लासले टाकू काय? कबड्डी चांगली खेळते, पण चपळ होईन म्हंते थो सर.”

प्रश्न रास्त आहे. आपल्या घरांत खेळ हा नुसता विरंगुळा नाही. पोलीस भरतीचे मैदान, सैन्यभरती, सरकारी नोकरीतले ५ टक्के क्रीडा आरक्षण, अशा कितीतरी वाटा मैदानावरून जातात. म्हणून आई-बाप पोटाला चिमटा घेऊन फी भरायला तयार होतात. तो पैसा कुठे लावावा आणि कुठे लावू नये, हे सांगण्यासाठी या वेळचे आरोग्यपान.

प्रतिक्रियेचा वेळ म्हणजे काय?

शिट्टी वाजली आणि पाय हलला. या दोन गोष्टींच्या मध्ये जो क्षण जातो, तो प्रतिक्रियेचा वेळ. आवाज कानात जातो, कानातून मेंदूत, मेंदू तो ओळखतो, काय करायचे ते ठरवतो, पाठीच्या कण्यातून निरोप खाली जातो आणि स्नायू आखडतो. हे सगळे सेकंदाच्या पाचव्या भागात उरकते. धडधाकट तरुण माणसाला दिवा लागलेला पाहून बोट दाबायला साधारण ०.२० ते ०.२५ सेकंद लागतात. आवाजाला त्याहून कमी, ०.१५ सेकंदाच्या आसपास.

तापलेल्या तव्याला हात लागला की तो आपोआप मागे येतो, ती गोष्ट वेगळी. तिथे मेंदूला विचारायची गरजच पडत नाही, पाठीचा कणाच निर्णय घेतो. पत्रकांमध्ये दोन्हींना ‘रिफ्लेक्स’ म्हणतात आणि गोंधळ होतो. खेळात बहुतेक वेळा मेंदूला ठरवावेच लागते.

ठरवायच्या गोष्टी वाढल्या की वेळही वाढतो. एकच दिवा असेल तर बोट पटकन पडते. चार दिवे, चार बटणे असली की मेंदू अडखळतो. विल्यम हिक नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली हे नीट मोजून मांडले. कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीसमोर सात जणी उभ्या असतात. कोण पाय धरेल, कोण साखळी करून येईल, हे तिला त्याच क्षणी ठरवायचे असते. म्हणजे खेळातली चपळाई पायात असते तितकीच निवड करण्यात असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

घरी मोजून पाहा

यासाठी कोणतेही यंत्र नको, शाळेची ३० सेंमीची पट्टी पुरे. एकाने पट्टी वरच्या टोकाला उभी धरावी, शून्याची बाजू खाली. दुसऱ्याने शून्याजवळ अंगठा आणि बोट उघडे ठेवून थांबावे, पट्टीला स्पर्श करू नये. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी. दुसऱ्याने चिमटीत पकडावी आणि किती सेंमीवर पकडली ते वाचावे. पहिले दोन प्रयत्न सोडून द्या, पुढच्या पाचांची सरासरी काढा.

१० सेंमीवर पकडली तर ०.१४ सेकंद
१५ सेंमी : ०.१७ सेकंद
२० सेंमी : ०.२० सेकंद
२५ सेंमी : ०.२३ सेकंद
३० सेंमी : ०.२५ सेकंद

हा हिशेब पडणाऱ्या वस्तूच्या गतीवरून येतो, दहावीच्या मुलाला विज्ञानाच्या वहीत सूत्र सापडेल. बहुतेकांचे उत्तर १५ ते २५ सेंमीच्या मध्ये येईल. हीच चाचणी रात्री जागरण झाल्यावर सकाळी घ्या. ताप उतरला त्या दिवशी घ्या. आकडा वाढलेला दिसेल. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मुलांना लवकर पटते.

एक सावधगिरी. रोज पट्टी पकडण्याचा सराव केला तर आकडा सुधारतो, पण त्यातला बराच भाग पट्टी पकडायची सवय लागल्याचा असतो. त्यामुळे मूल कबड्डीत चपळ झाले असे समजू नका. ‘ब्रेन ट्रेनिंग’च्या धंद्याची सगळी मेख इथेच आहे.

मोठे खेळाडू वेगळे कशात?

उसेन बोल्टने १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. त्या दिवशी बंदुकीच्या आवाजानंतर त्याला हलायला ०.१४६ सेकंद लागले. हा काही अलौकिक आकडा नाही. जगातला सगळ्यात वेगवान माणूस सुरुवातीला सगळ्यात आधी हलणारा होता म्हणून जिंकला नाही. उलट २०११ साली दक्षिण कोरियात आवाजाच्या आधीच हलल्याने तो बादही झाला. नियम असा आहे की आवाजानंतर ०.१० सेकंदाच्या आत जो हलला त्याने ऐकून नव्हे तर अंदाजाने धाव घेतली, असे धरतात.

क्रिकेटचे उदाहरण आणखी बोलके आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला निम्म्याच्या आसपास वेळ नुसत्या प्रतिक्रियेत जातो. मग अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा किंवा अकोल्याचा सलामीवीर अथर्व तायडे चेंडूला हात कसा लावतात?

१९८७ साली ब्रिटनचे संशोधक पीटर मॅक्लिऑड यांनी आंतरराष्ट्रीय फलंदाजांना मॅटिंगच्या खेळपट्टीवर खेळवले. मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या लपवल्या होत्या, त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी या नामवंत फलंदाजांनाही बॅटची दिशा बदलायला ०.२ सेकंद लागलेच. तुमच्या-आमच्याइतकेच! पुढे २००० साली मायकेल लँड आणि मॅक्लिऑड यांनी फलंदाजांची नजर टिपली, तेव्हा दिसले की चांगला फलंदाज चेंडूच्या मागे नजर ओढत नाही. चेंडू सुटला की तो कुठे टप्पा घेणार ते ओळखून नजर आधीच तिथे नेऊन ठेवतो. २००६ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. कसलेले फलंदाज चेंडू सुटण्यापूर्वीच गोलंदाजाच्या हातावरून आणि मनगटावरून अंदाज बांधतात, नवख्यांना ते जमत नाही.

म्हणजे त्यांचा मेंदू फार जलद चालतो असे नाही. तो लवकर सुरू होतो. तो हजारो चेंडू पाहून शिकलेला असतो.

आम्हाला यातला सामाजिक अर्थ महत्त्वाचा वाटतो. ‘अमक्या जातीच्या रक्तातच खेळ आहे’, ‘तमक्यांची पोरे अंगाने चपळ, डोक्याने मठ्ठ’ असली बोलणी आपण कित्येक पिढ्या ऐकत आलो. माणसामाणसात जन्मजात फरक असतातच, पण ते एका आईच्या दोन लेकरांतही असतात. खेळ वाचण्याची नजर कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ज्याला रोज दोन तास मैदान, धड प्रशिक्षक आणि पोटभर जेवण मिळाले, त्याची नजर तयार होते. ज्याला मिळाले नाही, त्याला आपण ‘मंद’ म्हणून मोकळे होतो.

अ‍ॅप आणि क्लास : काय सिद्ध झाले, काय नाही

मोबाइलवर चमकणारे ठिपके मोजणे, रंग जुळवणे, आकडे लक्षात ठेवणे अशा खेळांना ‘ब्रेन ट्रेनिंग’ म्हणतात. ते खेळून माणूस त्या खेळात पटाईत होतो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की ते कौशल्य मैदानावर उतरते का?

२०१६ साली सात मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे उपलब्ध अभ्यास तपासून मोठा अहवाल लिहिला. निष्कर्ष सरळ होता : ज्याचा सराव केला ते सुधारते, त्याच्या अगदी जवळचे काम थोडेफार सुधारते, रोजच्या जगण्यातल्या दूरच्या कामांवर परिणाम होतो याला पुरावा फार कमी आहे. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ‘लुमोसिटी’ या प्रसिद्ध ब्रेन ट्रेनिंग कंपनीवर कारवाई केली. या खेळांनी शाळेत, कामात आणि खेळाच्या मैदानावर कामगिरी सुधारते, अशी जाहिरात ती करत होती. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. कंपनीला २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पडद्यावर एकाच वेळी अनेक फिरते गोळे नजरेत ठेवण्याचे एक यंत्र परदेशातले काही संघ वापरतात. मॉन्ट्रियलमध्ये विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंवर त्याचा अभ्यास झाला. चेंडू कुणाला द्यायचा हा निर्णय सुधारल्याचे दिसले, पण चेंडू घेऊन पळणे आणि गोलवर मारणे यात फरक पडला नाही. खेळाडू दोन डझनांहून कमी होते आणि संशोधकांपैकी एकाचा त्या यंत्राच्या कंपनीशी संबंध होता. म्हणजे दार पूर्ण बंद झालेले नाही, पण कर्ज काढून आत शिरावे असेही काही तिथे नाही.

वयस्कांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. अमेरिकेत १९९८ पासून ६५ वर्षांवरच्या २,८०२ लोकांवर मोठा प्रयोग झाला. झटपट पाहून ओळखण्याचा सराव दिलेल्या गटाला त्या कामातला फायदा दहा वर्षांनीही टिकल्याचे दिसले. पण तो सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होता आणि विषय म्हातारपणाचा होता, खेळाडूंचा नव्हे.

‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ची तर गोष्टच सोडा. डोळ्यांवर पट्टी बांधून मुले रंग ओळखतात, वाचतात, असा त्यांचा दावा. मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी त्याची पोल जाहीरपणे उघडी केली. नाकाच्या बाजूला पट्टी आणि गाल यांच्यात फट राहते, मुले त्यातून पाहतात. फट नीट बुजवली की ‘शक्ती’ जाते. यात मेंदूचे शास्त्र काही नाही. उलट मुलाला आई-बापांसमोर खोटे वागायची सवय लागते, ते नुकसान फीपेक्षा मोठे.

मग मेंदूचा सराव करायचा कसा?

करायचाच, पण खेळाच्या आत. मैदानावर जी खूण दिसणार, तिच्याकडे पाहायला शिकवा. मैदानावर जो निर्णय घ्यायचा, तोच सरावात घ्यायला लावा. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या पटांगणात हे बिनपैशाचे होते.

‘थांबव आणि सांग.’ मोबाइलवर गोलंदाजाचा किंवा चढाईपटूचा व्हिडिओ घ्या. चेंडू सुटण्याच्या क्षणी किंवा पाय उचलण्याच्या क्षणी थांबवा. मुलांना विचारा : चेंडू आत येणार की बाहेर? ही डावीकडे जाणार की उजवीकडे? मग पुढे चालवून दाखवा. रोज दहा मिनिटे पुरे. खेळाच्या शास्त्रात ही पद्धत गेली चाळीसेक वर्षे अभ्यासली जात आहे. मोबाइल वापरायचाच असेल तर असा वापरा.

छोटा डाव. सात-सात नव्हे, तीन-तीन जणांत लहान चौकटीत खेळवा. प्रत्येकाच्या वाट्याला जास्त वेळा निर्णय येतो.

रंगाची हाक. चार कोपऱ्यांत चार रंगांची झाकणे ठेवा. नुसते ‘पळ’ म्हणू नका, रंग पुकारा. मधेच नियम उलटा करा : लाल म्हटले की निळ्याकडे. पाय आणि डोके एकत्र चालू लागतात.

आपले खेळ. खो-खो, लंगडी, आट्यापाट्या. खो-खोत पाठीवर ‘खो’ मिळाला की त्याच क्षणी उठायचे आणि पळणाऱ्याची दिशा ओळखायची, याहून चांगले ‘रिअ‍ॅक्शन ट्रेनिंग’ कोणते? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

वऱ्हाडाला हे काही नवे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अकोल्याची शासकीय क्रीडा प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे तिथे घडला आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. बॉक्सिंगमध्ये समोरच्याचा खांदा हलला की ठोसा कुठून येणार हे ओळखावे लागते. ते रिंगणातच शिकता येते.

रक्त कमी, तर चपळाई कमी

आता आमच्या पेशाचा विषय. प्रतिक्रिया मंदावण्याची जी कारणे आम्हाला वस्तीत सर्रास दिसतात, त्यातले पहिले म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. दहा मुलींच्या संघात सहा जणींचे रक्त कमी असेल, तर तिथे कोणते अ‍ॅप चालणार?

लोह फक्त रक्तात नाही, मेंदूच्या कामातही लागते. २००७ साली अमेरिकेत १८ ते ३५ वयाच्या स्त्रियांवर झालेला एक अभ्यास आहे. ज्यांना लोहाची कमतरता होती त्या लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे होत्या. १६ आठवडे लोह दिल्यावर ज्यांचे हिमोग्लोबिन वाढले त्यांची कामे जलद झाली. ‘ही पोट्टी आळशीच हाय’ असे म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासा. मुलींचे १२ ग्रॅमच्या खाली नको, पंधरा वर्षांवरच्या मुलांचे १३ च्या खाली नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, आशाताईंना विचारा.

शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, ती लोहाची आणि फॉलिक अ‍ॅसिडची. मुली ती दप्तरात टाकतात, कारण मळमळते. रिकाम्या पोटी घेऊ नका, जेवणानंतर घ्या. शौचाला काळी होईल, घाबरू नका. जंताची गोळीही वेळच्या वेळी घ्या, कारण जंत रक्त पितात. ताटात अंबाडी, पालक, शेवग्याचा पाला, हरभरा, तीळ असू द्या आणि वर लिंबू पिळा. जे खातात त्यांनी अंडी, कलेजी, मासळी खावी. जेवणासोबत चहा नको, तासाभराने घ्या. चहा लोह शोषू देत नाही.

सिकलसेल : आपल्या घरात हे आधी तपासा

विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. यात कुणाचे पाप नाही. ज्या भागात मलेरिया फार, तिथे हा गुणधर्म एका बाजूने संरक्षण देतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मूल खेळाच्या जोरकस सरावाला घालण्याआधी सिकलसेलची चाचणी करून घ्या. पहिली सोपी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, पक्की चाचणी जिल्हा पातळीवर, अमरावतीत इर्विनला किंवा अकोल्यात सर्वोपचारला विचारा. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, हा आपला हक्क आहे.

वाहक, म्हणजे ‘एएस’ असलेले मूल सहसा निरोगी असते आणि खेळू शकते. पण कडक उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी दमछाक होईपर्यंत पळवले तर क्वचित जिवावर बेतू शकते. म्हणून सराव हळूहळू वाढवा आणि पायात गोळे आले, धाप लागली की लगेच थांबवा. रुग्ण, म्हणजे ‘एसएस’ असलेल्या मुलाचा खेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. त्याला लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नका. मुलाचा सिकलसेल प्रशिक्षकांपासून लपवू नका.

झोप, पाणी आणि डोके

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉल खेळाडूंना २०११ सालच्या एका अभ्यासात पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले. त्यांची ठरलेली धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, नेमबाजी ९ टक्क्यांनी सुधारली, प्रतिक्रियाही जलद झाली. औषध नाही, यंत्र नाही, फक्त झोप. उलट १७ ते १९ तास सलग जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया दारू प्यायलेल्या माणसासारखी मंदावते. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. एका खोलीच्या घरात ते कठीण असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी रात्री दहानंतर टीव्हीचा आवाज बंद आणि मोबाइल आईच्या उशाशी, एवढे तर ठरवता येते.

शरीरातले पाणी वजनाच्या २ टक्क्यांनी कमी झाले की दम लवकर तुटतो, लक्षही ढळू लागते. ४० किलोच्या मुलीला म्हणजे फक्त ८०० ग्रॅम. अकोल्याच्या उन्हाळ्यात ते तासाभरात जाते. सराव सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, मोठ्या सरावानंतर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. मुलींनो, शौचालय नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका. मैदानावर शौचालय मागा.

कबड्डीत, बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळले, उलटी झाली, तेच तेच विचारू लागले, तर त्या दिवशी खेळ बंद आणि लगेच दवाखाना. मेंदूला हादरा बसला की प्रतिक्रिया कित्येक दिवस मंद राहते. तशात परत उतरवले तर दुसरा मार टाळता येत नाही आणि तो जास्त धोक्याचा. ‘मर्द गडी’ म्हणून डाव पुरा करायला लावू नका.

तुम्ही विचारता ते प्रश्न

*पोलीस भरतीसाठी रिफ्लेक्सचा क्लास लावावा का?* नको. १६०० मीटर किंवा ८०० मीटरमध्ये प्रतिक्रियेच्या वेळाला काही किंमत नाही, तिथे दम लागतो. १०० मीटरमध्ये फार तर ०.०५ सेकंदाचा फरक, म्हणजे हातभर अंतर. तेवढ्यासाठी मित्राला मागे उभा करून टाळीवर वीस स्टार्ट रोज करा.

*आनापान केल्याने चपळाई वाढते का?* ध्यानाने लक्ष टिकवण्याची ताकद वाढते, असे दाखवणारे काही अभ्यास आहेत, पण ते मुख्यतः दीर्घ आणि नियमित साधनेवरचे. सामन्याआधी पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष दिले तर घाबरणे कमी व्हायला मदत होईल. हात जलद चालेल असे आम्ही सांगणार नाही.

*खर्रा खाल्ल्यावर तरतरी येते, ते खरे का?* निकोटीन थोडा वेळ हुशारी देते. मग तलप लागते आणि खेळाऐवजी पुडीकडे लक्ष जाते. तोंड उघडेनासे झालेली तरुण पोरे आम्ही पाहतो. खर्रा आणि खेळ एका खिशात ठेवू नका.

पैसा कुठे लावायचा?

समजा क्लासची फी पाच हजार आहे. अंडे सात रुपयांना धरले तरी रोज दोन अंडी सहा महिने, याचे अडीच हजार होतात. उरलेल्यात बरे बूट, दोन चेंडू, एक शिट्टी. हा खर्च मुलाच्या रक्तात आणि पायात जातो.

राहिले मैदान. ते एकट्या घराला विकत घेता येत नाही, ते समाजाने मागायचे असते. शाळेचे पटांगण संध्याकाळी खुले ठेवा, असा अर्ज मुख्याध्यापक आणि नगरसेवक, दोघांना द्या. खुल्या जागेवर अतिक्रमण होऊ देऊ नका. तिथे दिवा, पाणी आणि शौचालय हवे, हे लेखी मागा आणि पोच घ्या. मुलींची वेळ वेगळी ठरवा आणि त्या वेळी दोन आया मैदानावर बसा. तुमच्या वस्तीत अर्ज लिहायला, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीचा दिवस ठरवायला अडचण आली, तर या पानाच्या नावाने मासिकाच्या पत्त्यावर कळवा. आम्ही येऊ. येताना पट्टीही आणू.